खालची तीन गेज

हणमंतराव भोईटे सकाळी सहाला फिरायला निघत तेव्हा त्यांच्या डाव्या हातावर तीन पट्टे असत. त्यांतला एकही त्यांचा नव्हता.

मनगटावरचा काळा पट्टा मुरलीधर अहिवळ्याचा. त्याच्यावर चार बोटांवर निळा, तो इनामदारांचा. कोपराखाली राखाडी, तो कोळेकराचा. कोळेकराचं मनगट म्हणजे मुसळ, त्यामुळे त्याचा पट्टा सैल पडे आणि त्याखाली रुमालाची घडी घालावी लागे. वरून फुलशर्ट. कालव्याच्या भरावावरून दोन किलोमीटर जायचं, दोन यायचं, आणि परतताना ज्याचा पट्टा त्याच्या दारात टाकायचा. त्यांच्या पत्नी, मंगलताई, रोज दारातून म्हणत, "भरल्या का बांगड्या? मग निघा."

हे चौघंही वाघेश्वर डाव्या कालव्याच्या पिंपळवाडा शाखेतून पाठोपाठ निवृत्त झालेले आणि कॉलनीत आजूबाजूलाच राहणारे. हणमंतराव कालवा निरीक्षक होते, अहिवळे हेडक्लार्क, इनामदार आणि कोळेकर मोजणीदार. निवृत्तीच्या महिन्यात प्रत्येकाला एक फॉर्म आला. त्यात दोनच चौकोन होते.

पहिला ‘पूरक’. सरकारी विमा जिथे हात आखडता घेईल तिथून पुढचं सगळं ही योजना भरणार. डॉक्टर तुमच्या पसंतीचा, दवाखाना देशातला कुठलाही, परवानगी कुणाची नाही. हप्ता मात्र पेन्शनीचा सहावा हिस्सा. दुसरा ‘सांभाळ’. हप्ता नावापुरता, पण दवाखाना त्यांचा, डॉक्टर त्यांचे, आणि मोठा उपचार ते हो म्हणतील तेव्हा. एकदा खूण केली की ती बदलायला वर्षातून एकच पंधरवडा, ऑक्टोबरचा पहिला.

हणमंतरावांनी फुलस्केप कागदावर दोन रकाने आखले, अकरा मुद्दे लिहिले, बेरीज-वजाबाकी केली. बेरीज ‘सांभाळ’च्या बाजूनं आली. ती त्यांनी कुणाला दाखवली नाही. चहाच्या टपरीवर म्हणाले, "पस्तीस वर्षं रजेचा अर्ज केल्याशिवाय ताप आला नाही मला. आता दवाखान्यात जायलाही अर्ज करू? मी पूरक घेतोय." गावातले डॉक्टर क्षीरसागर त्यांच्या ओळखीचे होते, प्रकृती ठणठणीत होती, आणि ऐटीत बोललेलं वाक्य मागे घ्यायची सवय नव्हती. बाकी तिघांनी गुपचूप ‘सांभाळ’वर खूण केली.

आता पट्ट्याचं. ‘सांभाळ’ स्वस्त पडायचं कारण तोच होता. पट्टा दिवसातून एक तास, तोही चालताना, हातावर ठेवायचा. त्यानं नाडीची लाट सेकंदाला पाचशे वेळा मोजायची, हृदयाची बारीक वीज टिपायची, आणि वर पाठवायची. सव्वीस आठवडे असं वाचन जमलं की कुठल्याशा यंत्रशाळेत त्या माणसाचं दुसरं हृदय तयार होई. ते मांसाचं नव्हतं, गणिताचं होतं. त्याला ‘प्रतिहृदय’ म्हणत. खरं हृदय आज जसं धडधडलं तसं प्रतिहृदयानं कालच वर्तवलेलं असे. दोघांत जरा फरक पडू लागला की कळायचं, कुठल्या भिंतीत विजेची वाट खचतेय आणि किती आठवड्यांत ती तुटेल. मग डॉक्टर आधी त्या गणितावर हजारदा हात चालवून बघत, नेमकी जागा ठरवत आणि खऱ्या हृदयात एक बारीक सुई नेऊन तेवढीच जागा जाळून दुरुस्त करत. अचानक हृदय थांबून माणसं मरायची ती यामुळे खूपच कमी झाली होती. प्रत्येकाचं प्रतिहृदय वेगळं, कुलूपबंद. एकाचं दुसऱ्याच्या शेजारी ठेवून बघायला कायद्यानं बंदी, खासगीपणा म्हणून.

ही बंदी नसती तर पुढचं काही घडलंच नसतं.

अहिवळ्याची बायको शालन. तिचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस. ते सगळं ‘सांभाळ’वर, पण दर खेपेला वरचे पैसे द्यावे लागत. नवऱ्यानं रोज सहा हजार पावलं चालून दाखवली तर ते माफ. अहिवळे बिचारा तिला नेण्या-आणण्यात आणि तिच्या पथ्याच्या भाज्या दोनदा उकळण्यात संपून जाई. एका सकाळी हणमंतराव त्याच्या दारात थांबले आणि म्हणाले, "दे तो पट्टा इकडे. माझे पाय तसेही जाणारच आहेत."

हे चांगुलपणानं झालं. त्यानंतरचं झालं ते सवयीनं.

कालव्यावर चार गेज होती. पाण्याची उंची दर तीन तासांनी वाचायची, रजिस्टरात भरायची. वरच्या गेजवर हणमंतरावांची चौकी होती, ते खरंच वाचत. खालच्या तिन्ही गेजवर कुणी जात नसे. वरचा आकडा फोनवर विचारायचा, त्यातून पहिल्याला दोन, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला पाच सेंटिमीटर वजा करायचे, आणि सही ठोकायची. वर्षानुवर्षं असं चाललं आणि शेताला पाणी मिळत राहिलं. म्हणून महिन्याभरानं इनामदार गुडघा चोळत आले आणि त्यांच्या मागून कोळेकर नुसताच हसत आला, तेव्हा कुणाला काही नवीन करतोय असं वाटलंच नाही. चौघांपैकी एकजण खरा चालत होता. तेवढं पुरेसं होतं.

दीड वर्ष पुरलं.

ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी नऊच्या सुमारास इनामदार आले. विधुर माणूस, कधी कुणाच्या घरी बसायचा नाही. आज खुर्चीत बसले आणि खिशातून बँकेच्या लॉकरची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"भोईटेसाहेब, ही तुमच्याकडे असू द्या. मुलगा कॅनडातनं येईपर्यंत कुणाकडे तरी हवी."

"कुठे निघालात?"

इनामदारांनी मोबाइल पुढे केला. ‘सांभाळ’चा निरोप होता. डाव्या कप्प्याच्या भिंतीत बिघाड. सत्तावीस आठवड्यांत हृदय अचानक थांबण्याची शक्यता शंभरात चौऱ्याहत्तर. उपचार मंजूर, पुण्याच्या केंद्रात हजर राहावे.

हणमंतरावांनी त्यांना धीर दिला. मंजूर झालंय म्हणजे करूनच टाका, हल्ली दोन दिवसांत घरी सोडतात, वगैरे. चहा पाजून, पाठीवर हात ठेवून फाटकापर्यंत सोडलं.

अकराला कोळेकर आला. सहा फुटी गडी, आणि डोळे पाण्यानं भरलेले. "अण्णा, घरी बोलू नका. हिला बीपी आहे. सत्तावीस आठवडे म्हणतायत."

"किती?"

"सत्तावीस. शंभरात चौऱ्याहत्तर."

हणमंतरावांनी त्याला पाणी दिलं. काहीतरी बोलले, काय ते त्यांचं त्यांना कळलं नाही. कोळेकर गेल्यावर त्यांनी चपला घातल्या आणि अहिवळ्याच्या घरी गेले. अहिवळे ओसरीवर मोबाइल उलटा घालून बसला होता. आतून शालनच्या खोकल्याचा आवाज येत होता.

"मुरल्या, तुझेही सत्तावीस का?"

अहिवळे दचकला. "तुला कुणी सांगितलं?"

हणमंतराव पायरीवर बसले. कालव्यावर पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. वरचं गेज वाचून खालची तीन भरलेली असतील आणि खालची तिन्ही एकदम पडली, तर खाली बघायला जायचं नसतं.

"तुम्हा तिघांना काही झालेलं नाही," ते म्हणाले. "ते माझं वाचन आहे."

अहिवळ्याच्या चेहऱ्यावर आधी आलं ते सुटकेचं हसू. ते आवरायला त्याला थोडा वेळ लागला. तो वेळ हणमंतरावांनी मोजला, आणि मोजल्याबद्दल त्यांची त्यांनाच लाज वाटली.

संध्याकाळी चौघं भोईट्यांच्या घरात दार लावून बसले. मंगलताई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या.

"यात अवघड काय आहे?" कोळेकर म्हणाला. आता त्याचा आवाज खणखणीत झाला होता. "अण्णा माझ्या नावावर जातील पुण्याला. नकाशा त्यांच्याच हृदयाचा आहे. सुई बरोब्बर जागी जाईल."

"दारातच बोट घेतात, डोळा घेतात," अहिवळे म्हणाला. "हिला नेतो ना मी, बघतो की. माणूस कोण ते तिथे नीट तपासतात. पट्टा कुणाच्या हातावर आहे तेवढंच तपासत नाहीत."

"मग तो नकाशा मागून घ्या. क्षीरसागरांना द्या."

"मागितला मी दुपारी," इनामदार म्हणाले. "प्रतिहृदय ही कंपनीची मालमत्ता आहे म्हणे. सभासदाला फक्त निष्कर्ष मिळतो." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी एकटा आहे साहेब. माझ्यामागे कुणी रडणारं नाही. मी लिहून देतो, हा पट्टा भोईट्यांच्या हातावर होता म्हणून. माझी योजना जाईल, जाऊ दे."

अहिवळ्यानं खिशातून ‘सांभाळ’चं नियमांचं पुस्तक काढलं. कोपरे दुमडलेलं होतं. हेडक्लार्क शेवटी हेडक्लार्कच. "कलम एकोणीस. खोटं वाचन आढळल्यास सभासद कुटुंबासह कायमचा बाद. प्रतिहृदय नष्ट करण्यात येईल. म्हणजे तुम्ही लिहून दिलंत की नकाशा पुसला जाणार. पुढे, वाचन देणारी व्यक्ती या योजनेत कधीही घेतली जाणार नाही. आणि तिच्या हातावर आणखी कुणाचे पट्टे होते याची चौकशी होईल." त्यानं पुस्तक मिटलं. शालनचं उद्या सकाळी आठला डायलिसिस होतं, आणि परवा नव्हतं, आणि तेरवा पुन्हा होतं.

मंगलताई उंबऱ्यातून म्हणाल्या, "दीड वर्ष बांगड्या भरल्यात यांनी. आता एकाच्याही तोंडून काढा असं निघेना."

हणमंतराव म्हणाले, "अगं, काढले तर उद्यापासून तिघांची खरी हृदयं वर जातील. यंत्राला एका रात्रीत कळेल."

तिघांनी उपचाराला लेखी नकार दिला. नियमात एकदा नकाराची मुभा होती. ज्यांना गरज नव्हती त्यांनी सुई नाकारली, ज्याला होती त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

आपलं वाचन इनामदारांच्या पट्ट्यावर गेलंय, एवढंच हणमंतरावांनी खासगीत सांगितलं. डॉक्टर क्षीरसागरांनी आलेख काढला, हृदयाची सोनोग्राफी केली. मग बराच वेळ कागद उलटसुलट करत राहिले.

"भोईटे, यात काहीच दिसत नाही हो. हे यंत्र म्हणतंय ते सहा महिन्यांनंतरचं. माझी यंत्रं आजचं सांगतात."

"माझी योजना पूरक आहे. दिल्ली, चेन्नई, कुठेही जाऊ शकतो. पूर्ण खर्च देतात."

"देतील ना. पण मी चेन्नईला चिठ्ठी काय लिहू? कुठेतरी काहीतरी जाळा?" डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्हाला कुठलाही डॉक्टर निवडायचा हक्क आहे. पण प्रतिहृदय एकाही डॉक्टरकडे नाही, ते ‘सांभाळ’वाल्यांकडे आहे. एक गोळी देतो. आणि हे चालणं जरा कमी करा."

"सहा हजारांच्या खाली नाही येता येणार," हणमंतराव म्हणाले. डॉक्टरांना वाटलं हा हट्टीपणा.

ऑक्टोबरचा पंधरवडा उघडला तेव्हा पहिल्याच दिवशी, अहिवळ्यानं भरून दिलेल्या फॉर्मवर, हणमंतरावांनी ‘पूरक’ सोडून ‘सांभाळ’वर खूण केली. हिरवा पट्टा घरपोच आला. आता हातावर चार झाले. पण उपचारासाठी आधी सव्वीस आठवड्यांचं स्वतःच्या नावाचं वाचन हवं. त्यांचं पाऊणशे आठवड्यांचं वाचन वर पडलेलं होतं, तिप्पट, फक्त तीन वेगळ्या नावांवर. ज्या यंत्राला हे हृदय तोंडपाठ होतं त्याच यंत्रानं निरोप पाठवला: आपली ओळख करून घेत आहोत, कृपया धीर धरा.

गोळी लागू पडली. एकविसावर आलेला आठवड्यांचा आकडा एकदम पंचवीसवर चढला आणि मग पुन्हा दर सोमवारी एकेक उतरू लागला. सव्वीस हवे होते, हातात पंचवीस. चोवीस झाले तेव्हा हवे होते पंचवीस. कितीही वेळा मांडलं तरी एक कमी.

दर सोमवारी निरोप त्या तिघांना येई, हणमंतरावांना नाही. त्यांचं प्रतिहृदय अजून तयारच नव्हतं. म्हणून सकाळी पावणेसहालाच, आपापले पट्टे घेऊन, तिघंही ओसरीवर येत. इनामदार नाकावर चष्मा चढवून आकडा वाचत, कोळेकर आपल्या मोबाइलवर पाहून "बरोबर" म्हणे, अहिवळे नुसता पडदा समोर धरे. हणमंतराव तो आकडा खिशातल्या डायरीत लिहीत. मंगलताई चहा आणत. तीन कप. अहिवळ्याला त्या चहा देत नसत, आणि तोही मागत नसे.

नोव्हेंबरात एकदा मंगलताईंनी दुपारी इस्त्रीचं पातळ नेसलं. "मी शालनकडे जाऊन येते. तिला काही ठाऊक नाही. तिनंच नवऱ्याला सांगितलं की बोला, तर तो बोलेल."

"जाऊ नकोस."

"मी जाणार."

दोन तासांनी आल्या. पातळाची घडी घालत बसल्या.

"सांगितलंस?"

"तिच्या हातावरची ती डायलिसिसची शीर पाहिलीत का तुम्ही? दोरखंडासारखी झालीय. हात लावला तर आत गुरगुरते." त्यांनी घडी मोडून पुन्हा घातली. "म्हणाली, बरं झालं आलीस, मेथी निवडायची राहिलीय. निवडून दिली मेथी."

पुढच्या सोमवारपासून चहाचे कप चार झाले.

हिवाळाभर मंगलताई बरोबर चालायला येत. हातात पाण्याची बाटली, पदराला गोळी बांधलेली. पूर्वी तासात संपणाऱ्या वाटेला आता दीड लागे. वरच्या गेजपाशी दोघं टेकत. तिथे आता स्वयंचलित डोळा बसवलाय, पण जुनी मोजपट्टी पाण्यात तशीच उभी आहे. हणमंतराव तिच्याकडे बघत बसत.

"काय पाहताय?"

"दोन सेंटिमीटर उतरलंय कालच्यापेक्षा."

"तुम्हाला काय करायचंय आता?"

"काही नाही. वाहतं पाणी कधी जागचं राहत नाही. लागोपाठ दोन दिवस एकच आकडा भरलेला दिसला की मी समजायचो, मोजणीदार घरी झोपलाय."

"म्हणजे इनामदार."

"आणि कोळेकर," ते म्हणाले, आणि दोघंही हसले. हसताना मंगलताईंनी त्यांच्या छातीकडे पाहिलं. हल्ली त्या सगळ्यात आधी तिकडेच पाहत.

फेब्रुवारीतल्या पहिल्या सोमवारी डायरीत नऊ लिहिलं होतं, आणि वाचन पुरं व्हायला दहा आठवडे होते. गोळी आणखी वाढवता येत नव्हती. क्षीरसागरांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं.

दुसऱ्या सोमवारी तिघं जरा उशिरा आले. एकत्रच आले, एकाच रांगेत, जणू कुठेतरी आधी भेटून निघाले होते. मंगलताई ट्रे घेऊन उभ्या.

"किती?" हणमंतरावांनी विचारलं.

"नऊ," इनामदार म्हणाले.

"बरोबर," कोळेकर म्हणाला.

"नऊच आहे," अहिवळे म्हणाला. तोंडानं आकडा सांगायची त्याची ही पहिलीच खेप.

हणमंतरावांनी पेन उघडलं. इनामदारांचा चष्मा खिशात होता. कोळेकराचा हात मोबाइलकडे गेलाच नव्हता. अहिवळ्यानं पडदा समोर धरला नव्हता, तो कुंडीतल्या तुळशीकडे बघत होता. बाकी राहिले होते नऊ आठवडे, आणि आकडा नऊ. बरोब्बर हवा तेवढा. पस्तीस वर्षांत असा आकडा त्यांनी अनेकदा पाहिला होता, आणि प्रत्येक वेळी लाल पेन्सिलनं त्याभोवती गोल करून मोजणीदाराला बोलावून घेतलं होतं.

पदराच्या गाठीशी चाळा करत मंगलताईंनी बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "नऊ हवेत आणि नऊ आहेत. म्हणजे बसतंय की! बसतंय ना?" सहा महिन्यांत त्यांचा चेहरा असा झाला नव्हता. त्यांनी अहिवळ्याच्या हातात चहाचा कप दिला. "घ्या भाऊजी. साखर जास्त घातलीय आज."

अहिवळ्यानं कप घेतला.

हणमंतरावांनी तिघांकडे एकेक करून पाहिलं. एकानंही नजर दिली नाही. मोबाइल दाखवा, एवढं म्हटलं की झालं असतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"बसतंय," ते म्हणाले, आणि डायरीत नऊ लिहून खाली सही केली.

मग शर्टाची बाही वर सारून त्यांनी पट्टे चढवले. आधी अहिवळ्याचा काळा, मग निळा, मग रुमालाची घडी घालून राखाडी, आणि सगळ्यांच्या वर, जागा उरली होती तिथे, स्वतःचा हिरवा. आणि सहा हजार पावलं भरतील एवढ्याच बेतानं कालव्याकडे चालू लागले.